बादलीनं पाणी मोजणारे डोमाजी

डोमाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही, की बायकोनं पुढे सरकवलेल्या खुर्चीकडे पाहिलं नाही. दारात चपला काढल्या, मोरीत जाऊन दोन्ही हात कोपरापर्यंत चोळून चोळून धुतले, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत चढवली आणि बैठकीतल्या सहा फुटी काचेच्या टाकीत उजवा हात बगलेपर्यंत घालून डोळे मिटून उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. सुमन, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे पाहत होती आणि मी छताकडे. शेवटी न राहवून मी विचारलं, काय म्हणते पाणी, काकाजी? डोळे न उघडता ते म्हणाले, "पानी बोलून राहिला, भाऊ. तुमी जरा चूप राहा."

हात धुण्याचं कारण मला नंतर कळलं. डोमाजींना खर्र्याचं व्यसन होतं. सकाळपासून तळहातावर सुपारी-तंबाखू घोटणं चालू असे आणि पुष्पा, त्यांची लेक, त्यावरून रोज त्यांच्याशी भांडे. पण तंबाखूचा हात त्यांनी कधी पाण्याला लावला नाही. "मानूस खर्रा खाऊन मरल त थो त्याचा सौक. मासोरीनं का बिघडवलन?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बोलीत ळ नव्हता आणि ण तर नव्हताच. मासोळीची मासोरी होई आणि तळ्याचा तरा. डोमाजी गेले त्याला आता दीड वर्ष होईल. पुष्पा आमच्या शेजारीच राहते, पण तिच्या ओसरीवरची त्यांची खाट उचलली गेली तेव्हापासून आमची गल्ली मला लांब वाटते.

ते मूळचे बोदलकसाकडचे. बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा. तरुणपणी ते एका मत्स्यबीज केंद्रावर रोजंदारीला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. काम एकच, पाण्याचा वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, सांभाळणं. सिमेंटच्या गोल हौदात माशांची अंडी फिरत्या पाण्यावर तरंगत ठेवावी लागतात. पाणी मंद झालं की अंडी तळाशी बसतात आणि सडतात, जोरात झालं की जाळीवर आपटून फुटतात. या दोहोंच्या मधली वाट शोधायची, ती वाल अर्धं बोट इकडे, अर्धं बोट तिकडे करून. केंद्रावर मोजयंत्र होतं, पण ते बहुतेक वेळा बंद असे. डोमाजींकडे बादली होती.

आता माझं सांगतो. मी नळयोजनेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर नोकरी करतो. आलेलं गढूळ पाणी तुरटीनं निवळायचं, वाळूतून गाळायचं, क्लोरीन टाकायचं आणि शहराला पाजायचं. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे पाण्यातलं मला कोणी काही शिकवावं, हे मला मान्य नव्हतं. माझ्या थोरल्या भावाची टाकी घरी आली तेव्हा तर मला वाटलं, घ्या, आता बघा पाणी कसं ठेवतात ते.

दादाचं सडक अर्जुनीला हायवेवर टायरचं दुकान. लग्न केलं नाही. दिवसभर ट्रकचा धूर खायचा आणि संध्याकाळी या टाकीसमोर बसायचं, हा त्याचा संसार. टाकीत नऊ गोल्डफिश, डोक्यावर मुंडासं बांधल्यासारखी गाठ असलेले, गोल पोटाचे, लांब शेपटीचे. काही तर दहा-दहा वर्षांचे. सगळ्यांत मोठ्या मुंडाशाच्याला तो पाटील म्हणायचा. एकदा त्याच्या छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. साखर आटोक्यात येईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून तो नागपूरला माझ्या मुलाकडे राहायला गेला आणि जाताना टाकी माझ्या स्वाधीन केली. मनाला घोर लागेल असं त्याला काही सांगू नका, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. दादा रोज सकाळी फोन करायचा आणि स्वतःच्या तब्येतीचं सांगायच्या आधी विचारायचा, नऊच्या नऊ ठीक आहेत ना?

टेम्पोतून टाकी उतरवली, फिल्टर उघडला आणि मला दादाची कीव आली. आतला स्पंज काळाकुट्ट, हात लावला तर चिखल. मी तो फेकून दिला. नवे पांढरेशुभ्र स्पंज आणले. मग हिशेब केला. टाकीत सहाशे लिटर पाणी. ते तासाला दहा वेळा गाळलं गेलं पाहिजे, म्हणजे ताशी सहा हजार लिटर. ताशी तीन हजार लिटरचे दोन पंप बसवले. दर रविवारी स्पंज नळाखाली धरून पांढरे होईपर्यंत धुवायचो. आठवड्याभरात पाणी असं झालं की टाकीच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर या बाजूनं वाचता यावं. मी शेजाऱ्यांना बोलावून ते दाखवलं आहे, हे सांगायला आता लाज वाटते.

दहाव्या दिवशी काळा मेला. चौदाव्या दिवशी पांढरी. उरलेले सात पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पाटील टाकीच्या कोपऱ्यात काचेला टेकून होता. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि त्यात मासे मरताहेत, हे माझ्या सव्वीस वर्षांच्या डोक्यात बसेना. फोन आला तेव्हा दादाला मी सांगितलं, हो, नऊच्या नऊ मजेत आहेत. त्याच दिवशी पुष्पा सुमनला म्हणाली, आमच्या बाबांना दाखवा की, ते जन्मभर मासोळ्यांतच होते.

तर डोमाजींनी हात बाहेर काढला, पंच्याला पुसला आणि मला विचारलं, पेवाचा पानी का ह्या? मी अभिमानानं सांगितलं की पिण्याच्या पाण्याहून चांगलं आहे. ते म्हणाले, "बराबर. पेवाले बेस आहे. राहाले नाही."

मग त्यांनी खिशातून धानाचा एक पोचट दाणा काढला आणि पाण्यावर टाकला. दाणा सुसाट एका टोकाला गेला, भोवऱ्यात गरगरला आणि दुसऱ्या टोकाला आला. डोमाजी तोंडातल्या तोंडात मोजत होते. अकरा मोजेपर्यंत दाण्याचा सहा फुटी टाकीला फेरा पूर्ण झाला. मला वाटलं होतं मासे खेळताहेत. ते त्या लोंढ्याविरुद्ध जागेवर टिकायला धडपडत होते. "ह्या मासोऱ्या पोहून नाही राहिल्या, भाऊ, धावून राहिल्या," डोमाजी म्हणाले. "रोज दिवसभर कोनी धावल का? पोट पाहा त्याईचा. ह्या तऱ्याच्या मासोऱ्या आहेत, नदीच्या नाही."

फिल्टर मी कसा धुतो ते त्यांनी मला करून दाखवायला लावलं. मी नळ सोडला आणि त्यांनी माझा हात धरला. नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि ते क्लोरीन टाकणाराही मीच. दर रविवारी मी माझ्याच हातचं औषध नेऊन फिल्टरच्या मुळावर घालत होतो. डोमाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "त्या कारा चिखल नोता, गाव होता. थे न दिसनारे लोक मासोरीचा मूत खातेत. तुमी दर आयतवारी गाव बुडवून राहिले." नोकरी लागल्यावरच्या प्रशिक्षणात वाळूच्या गाळणीवरच्या, घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या जिवंत थराबद्दल मला शिकवलं होतं. सव्वीस वर्षांत मी ते साफ विसरलो होतो, आणि आठवण करून दिली ती चौथी पास माणसानं. मला शरम वाटली, पण त्याहून जास्त धीर आला. कोणीतरी जाणता माणूस आता घरात उभा होता.

पुढचे दहा दिवस आमचं घर डोमाजींच्या ताब्यात होतं. एक पंप बंद. माशांचं खाणं बंद. ड्रममध्ये पाणी भरून दिवसभर उघडं ठेवायचं, मग रोज थोडं टाकीत बदलायचं. पुष्पाच्या अंगणातल्या मातीच्या मोठ्या नांदीत त्यांनी गावच्या तळ्यातल्या चार-पाच लहान मासोळ्या पाळल्या होत्या. तिच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेले कवेलूचे, म्हणजे कौलांचे, तुकडे त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून आणले आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र फिल्टरमध्ये भरले. त्या तुकड्यांवर शेवाळ होतं, गाळ होता. सुमननं नाकाला पदर लावला. डोमाजींनी तिला सांगितलं, बाई, गाव वसून राहिला, वास त येनारच.

मग बादली. पंपाची नळी दहा लिटरच्या बादलीत सोडायची आणि भरेपर्यंत मोजायचं. भिंतीवरच्या घड्याळाशी मी ताडून पाहिलं, डोमाजींचा एक आकडा म्हणजे बरोबर एक सेकंद. बादली भरायला वीस आकडे लागले. मी कागदावर हिशेब केला, तर ताशी अठराशे लिटर. खोक्यावर तीन हजार छापलं होतं. पाणी दोन फूट वर चढवायचं, वळणातून न्यायचं, स्पंजातून दाबायचं, यात उरलेलं कुठल्या कुठे जातं. मी खोक्याकडे पाहत बसलो. डोमाजी म्हणाले, "खोक्याचा नोका आयकू. बाल्टी सांगते."

मला वाटलं, आता ते पंप कमीच ठेवायला सांगणार. पण मासे सावरल्यावर त्यांनी दुसरा पंपही परत लावायला लावला. मी चक्रावलो. आधी म्हणत होता जोर फार, आता म्हणता दोन लावा. तेव्हा त्यांनी मला त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकवलं, "गारना येगरा न वाहना येगरा." म्हणजे गाळणं वेगळं आणि वाहणं वेगळं. गोल्डफिश घाण फार करतात, म्हणून त्यांचं पाणी गाळलं भरपूर गेलं पाहिजे, पण अंगावर ते मंद आलं पाहिजे. विजेच्या वायरसाठी असते तसली नळी घेऊन त्यांनी तापवलेल्या खिळ्यानं तिला ओळीनं भोकं पाडली, ती टाकीच्या मागच्या काचेला लावली आणि भोकं काचेकडे वळवली. तेच पाणी आता पन्नास ठिकाणांहून झिरपत यायला लागलं. पुन्हा पोचट धान टाकला. साठ मोजले तरी तो निवांत फिरत होता, कुठे अडकत नव्हता. बादलीच्या हिशेबानं टाकी तासाला सहा वेळा गाळली जात होती आणि पाटलाच्या शेपटीचं टोकही वाकत नव्हतं. पाटील कोपऱ्यातून निघून मध्ये आला, तळाचे खडे तोंडात घेऊन थुंकायला लागला, तेव्हा मी खरंच देवापुढे दिवा लावला. सुमन म्हणाली, मुलाच्या दहावीच्या निकालालाही तुम्ही लावला नव्हता.

सात वाचले होते. पण दादाला रोज नऊ सांगणं चालूच होतं. ऑपरेशनचा दिवस ठरला तेव्हा मला युक्ती सुचली. बाजारात तसलेच दोन आणून टाकावेत, एक काळा, एक पांढरा. मी डोमाजींना म्हटलं, चला, तुम्ही निवडून द्या, दादाला फरक कळता कामा नये. ते टाकीपुढे स्टुलावर बसले होते. तिथून न उठता त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याकडून इतकं सविस्तर पुन्हा कधी ऐकलं नाही.

केंद्रावर अंड्यांचा हंगाम चालू होता. भर दुपारी डोमाजींनी वाल खोलला आणि गप्पांच्या नादात तसाच ठेवून फाटकाबाहेर खर्रा घ्यायला गेले. परत आले तर सगळा हौद पांढरा पडला होता, अंडी जाळीवर आपटून फुटली होती. साहेब धावत आले. डोमाजींच्या तोंडून निघून गेलं की पंप मध्येच बंद पडला आणि एकदम जोरात सुरू झाला. पंपावर फागूलाल होता, देवरीकडचा गोंड, यांचा जेवणातला सोबती, दोघं एका डब्यातून भात खायचे. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तोही रोजंदारीचाच होता, कोण विचारतो.

"वाल मीच खोललो होतो, भाऊ. फागूलालचा नाव मीच सांगतलो," डोमाजी म्हणाले. "अकरा वरस झाले. आता सांगू, मंग सांगू. येका दिवसाची लाज होती, अकरा वरसाची करून ठेवलो. तुमी थे मासोऱ्या आनू नोका."

मी बाजारात गेलो नाही. ऑपरेशन होईपर्यंत थांबायचं, डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या दिवशी सांगायचं, असं आमचं ठरलं. ऑपरेशन नीट झालं. महिन्याभरानं दादा आमच्या घरी आला, वाळलेला, छातीशी उशी धरून, पण स्वतःच्या पायांनी चालत. मी पुष्पाकडून डोमाजींना बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर एकट्याची हिंमत नव्हती. दादा सरळ टाकीपुढे गेला आणि बोटानं मोजायला लागला. त्याचं मोजून संपायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. स्पंज, नळ, काळा, पांढरी आणि फोनवरचे नऊ.

दादा काचेला हात लावून उभा राहिला. काळा म्हातारा झाला होता, इतकंच हळू पुटपुटला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तू मले दोन महिने नऊ सांगत होता. मंग डॉक्टर म्हणते सगळं चांगलं झालं, थेही तू तसंच सांगून राहिला काय?"

मला वाटलं होतं तो रागावेल, रडेल. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माशांसाठी बोललेल्या खोट्यानं त्याच्या काळजाचं खरंही नासवून टाकलं होतं. मी दवाखान्याची फाईल आणून त्याच्या मांडीवर ठेवली, मुलाला फोन लावला, मुलानं डॉक्टरांना. दादा चष्मा लावून अर्धा तास एकेक कागद वाचत होता, न समजलेलं मला विचारत होता, आणि फोनवर डॉक्टरांनी दोनदा सांगितल्यावर त्यानं फाईल मिटली. मग म्हणाला, सात बेस आहेत, टाकीत जागा झाली. सुमनला चहा मागितला. माझ्या अंगावरून धानाचं पोतं उतरावं तसं झालं आणि मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. आलो तेव्हा दादा त्या भोकांच्या नळीबद्दल डोमाजींना खोदून खोदून विचारत होता, पण डोमाजींचं लक्ष नव्हतं. चहा तसाच टाकून ते उठले आणि दारात थांबून मला विचारलं, देवरीची पहिली बस कितीक वाजता?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवरीला गेले. एका दिवसाचं सांगून गेलेले, दोन दिवस आले नाहीत. पुष्पा काळजीत, मी तिच्याहून जास्त. फागूलाल आहे की नाही, असला तर दारात उभं करेल की नाही, कोणाला ठाऊक. या वयात या माणसाला मीच त्या वाटेला लावलं, असं मला वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास डोमाजी गल्लीत दिसले. घरी न जाता आमच्याकडेच आले. धोतर धुळीनं माखलेलं, चेहरा थकलेला, पण असा मोकळा की मी आधी ओळखलाच नाही. मी पाणी दिलं आणि भेटला का म्हणून विचारलं.

"भेटला," ते म्हणाले. "पयले मले वरखला नाही. मंग मी सांगतलो, वाल मीच खोललो होतो. तवा उठला न सिव्या देल्लन. त्याची बाई आयकून राहिली, नातू आयकून राहिले. घंटाभर देल्लन, पोटभर."

आणि मग?

"मंग जेवाले वाढलन. आज नोको जाऊ म्हने."

इतकं सांगून ते बैठकीतल्या दिवाणावर आडवे झाले आणि पाहता पाहता घोरायला लागले. सुमननं पंखा लावला. पुष्पा दोनदा येऊन डोकावून गेली, पण आम्ही कोणी त्यांना उठवलं नाही.